‘हा भाव रविवारपर्यंतच’ असं सांगतात तेव्हा

प्रश्न : आम्ही दोघांनी हॉट टब घ्यायचं ठरवलं आहे. यांची पाठ बरीच वर्षं दुखते आणि गरम पाण्यात बसलं की त्यांना खरंच आराम पडतो. एका प्रदर्शनात सहा जणांचा, साठ जेट असलेला टब पसंत पडला. पाटीवरच्या किमतीवर काट मारून खाली चाळीस टक्के कमी भाव लिहिला होता. हा भाव रविवारपर्यंतच, शिवाय कव्हर आणि पायऱ्या फुकट, असं विक्रेत्याने सांगितलं. तेव्हापासून त्याचा रोज फोन येतो. हे म्हणतात, एवढी सूट दिल्यावर आणखी काय मागायचं, लाज वाटते. मुलगा म्हणतो, इंटरनेटवर याहून स्वस्त मिळतो. मला घासाघीस जमत नाही. किती टक्के कमी मागावेत, तेवढं सांगा.

उत्तर : ताई, आगाऊ रक्कम दिल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, म्हणून ती अजून दिलेली नाही असं धरून चालते. तसं असेल तर रविवारच्या आत देऊही नका. एवढं एक पाळलंत तर बाकीचं सगळं सावकाश ठरवता येईल.

किती टक्के कमी मागावेत हे मात्र मी सांगणार नाही, कारण ते टक्के कशाचे, हेच आपल्याला माहीत नाही. काट मारलेली किंमत विक्रेत्यानेच लिहिली आणि तिच्याखालचीही त्यानेच. वरचा आकडा फुगवला की सूट आपोआप मोठी दिसते. त्या वरच्या किमतीला तो टब कधी कुणी घेतला का, हे तुम्हाला कळायचं नाही आणि कळून उपयोगही नाही. रास्त भाव कळतो तो दोन गोष्टींवरून. एक, तशाच टबला दुसरे विक्रेते किती मागतात. दुसरी, तो टब तुमच्या घरी बसून त्यातलं पाणी गरम होईपर्यंत खिशातून एकूण किती जातात. भाव करायचा तो या एकूण रकमेचा. पाटीवरच्या आकड्यात आणखी थोडं कमी करून घेतलं आणि बाकीचे खर्च नंतर एकेक करून पुढे आले, तर त्या घासाघिशीतून हाती काहीच लागत नाही.

हे बाकीचे खर्च कोणते, ते बघा. सहा जणांच्या टबात साधारण १,२०० ते १,५०० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसतं पाणीच सव्वा ते दीड टन. टबाचं स्वतःचं वजन आणि आत बसणारी माणसं धरली की सगळं मिळून दोन टनांच्या आसपास किंवा वर जातं. त्याला सपाट, पक्की, न खचणारी बैठक लागते. गच्चीवर किंवा लाकडी डेकवर ठेवायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावं लागतं. हा खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतो. मग वाहतूक. ‘घरपोच’ या शब्दावर विसंबू नका. काही जण टब रस्त्याच्या कडेला उतरवून निघून जातात. तो फाटकातून आत नेणं, आडवा करून ट्रॉलीवर ढकलणं, वाट अरुंद असेल तर क्रेन मागवणं, हे सगळं तुमच्या माथी. त्यानंतर वीज. टबाला स्वतंत्र सर्किट आणि गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच हवाच. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं, इथे पैसे वाचवायचे नाहीत. वर कव्हर, कव्हर उचलायची दांडी, पायऱ्या, फिल्टरचा जादा संच, पाणी स्वच्छ ठेवायची रसायनं. यातलं काय किमतीत आहे आणि काय नाही, हे ओळीने लिहून मागा. कोरा कागद घेऊन तुम्हीच डावीकडे ही नावं लिहा आणि विक्रेत्याला उजवीकडे आकडे भरायला सांगा. जिथे तो ‘ते नंतर बघू’ म्हणेल, तिथेच खर्च दडलेला असतो.

आता खुद्द टबाकडे येऊ. घासाघीस जमत नाही असं तुम्ही म्हणता, पण या टबात आपण कशाचे पैसे देतोय हे नीट कळलं की बोलणं फार सोपं होतं.

साठ जेट ऐकायला भारी वाटतात. पण जेट म्हणजे पाणी बाहेर सोडणारं तोंड. जोर येतो पंपातून. तेवढाच पंप ठेवून तोंडं वाढवली तर प्रत्येकातून येणारा झोत मवाळ होतो. तीस जेटचा, चांगल्या पंपाचा टब पाठीला साठ जेटच्या टबापेक्षा जास्त आराम देऊ शकतो. म्हणून जेट मोजू नका, पंप बघा. त्यातही एक मेख आहे. माहितीपत्रकावर पाच हॉर्सपॉवर छापलेलं असतं, पण तो आकडा पुष्कळदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. विक्रेत्याला टबाच्या बाजूची फळी उघडून दाखवायला सांगा. चार स्क्रूंचं काम आहे, लाजायचं कारण नाही. आत मोटरवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. समजा २३० व्होल्ट आणि ७ अँपिअर दिसले, तर झाले १,६१० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७४६ वॅट. म्हणजे सतत चालताना हा पंप दोन हॉर्सपॉवरच्या आसपासचा; पत्रकावर पाच लिहिलेले असोत नाहीतर सात. हा गुणाकार तुम्ही विक्रेत्यासमोर वहीत केलात की त्याचा बोलण्याचा सूर बदलतो. समोरचं गिऱ्हाईक आकडे बघणारं आहे, हे त्याला कळतं.

फळी उघडलीच आहे तर उष्णता अडवणारा फोमही बघून घ्या. सगळीकडे भरलेला आहे, की नुसता शेलच्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या मुख्य भांड्याच्या, पाठीवर फवारलाय, की फळीला चांदीच्या कागदासारखा पातळ थर चिकटवून काम भागवलंय? पूर्ण भरलेल्या फोममध्ये ऊब चांगली टिकते, पण पाइप गळला तर गळती शोधायला फोम कोरावा लागतो. दोन्ही बाजू आहेत. मात्र पातळ थरवाल्या टबाला भरीव टबाचा भाव द्यायचा नाही. कव्हरही हाताने दाबून बघा. उष्णता सगळ्यात जास्त वरूनच निसटते, त्यामुळे ‘फुकट’ मिळणारं कव्हर पातळ आणि हलकं असेल तर त्याची किंमत तुम्ही पुढे वीजबिलात मोजत राहणार. तुमच्या विक्रेत्याने कव्हर आणि पायऱ्या देऊन आवळा देऊन कोहळा काढायचा घाट घातला नसेलही. पण कव्हराशिवाय टब वापरताच येत नाही, तेव्हा ती भेटवस्तू कशी? विचारा: ‘पायऱ्या नकोत, कव्हर जाड द्या, मग भाव काय?’

आणखी एक आकडा मागा, जो सहसा कुणी मागत नाही. कव्हर घातलेला टब नुसता गरम राहायला सरासरी किती वॅट घेतो? याला स्टँडबाय वीज म्हणतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हॉट टबच्या या विजेवर कायद्याने मर्यादा घातली आहे आणि तिथल्या ऊर्जा आयोगाच्या यादीत मॉडेलवार आकडे कुणालाही बघता येतात. तिथे विकल्या जाणाऱ्या बनावटीचा टब तुम्ही बघत असाल तर मुलाला ते शोधायला सांगा. फरक केवढा पडतो? २०० वॅट घेणारा टब दिवसाला ४.८ युनिट खातो, ३५० वॅट घेणारा ८.४ युनिट. वर्षाला तेराशेहून जास्त युनिटांचा फरक झाला. तुमच्या वीजदराने त्याला गुणा, टब किती वर्षं वापरणार त्याने पुन्हा गुणा. कदाचित तुम्ही मागणार आहात त्या सगळ्या सवलतीपेक्षा ही रक्कम मोठी निघेल.

पाणी पहिल्यांदा तापवायचंही तसंच. १,४०० लिटर पाणी १८ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे ३३ युनिट लागतात. टबाचा हीटर दोन किलोवॅटचा असेल तर, ऊब वाया गेली नाही असं धरलं तरी, सोळा तासांहून जास्त वेळ जाईल. तीन किलोवॅटचा असेल तर अकरा. ‘साध्या सॉकेटवर चालतो’ असं कौतुकाने सांगतात, तेव्हा हीटर किती किलोवॅटचा, हे लगेच विचारा.

इथे मला तुम्हाला मनापासून एक विचारायचं आहे. तुम्ही दोघं आहात, तर सहा जणांचा टब कशासाठी? मुलं-नातवंडं नेहमी येत असतील तर प्रश्नच नाही. पण कधीमधी येणाऱ्या चार माणसांसाठी रोजच्या रोज दुप्पट पाणी गरम ठेवायचं, दुप्पट रसायनं घालायची, मोठी बैठक बांधायची, हा खर्च कुठल्याही घासाघिशीने भरून निघत नाही. दोन-तीन जणांचे टब सातशे-आठशे लिटरमध्येही मिळतात. भाव करायला बसण्याआधी हे दोघांनी बोलून ठरवा. आणि पसंत पडलेल्या टबात मिस्टरांना प्रत्यक्ष बसवा, पाणी भरलेलं आणि पंप चालू असताना. पुष्कळ शोरूममध्ये यासाठी वेळ ठरवून देतात; पोहण्याचे कपडे घेऊन जायचं, एवढंच. पाठीत जिथे दुखतं तिथे झोत लागतो की मणक्याच्या वर-खाली जातो, हे कोरड्या टबात बसून कधीच कळत नाही. त्यांची उंची आणि त्या सीटची खोली जुळली नाही तर टब फुकट मिळाला तरी घेऊ नका. पाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची काही तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हेही सांगून ठेवते.

आता रविवारचं. प्रदर्शनातला भाव दरवेळी खोटाच असतो असं नाही. मांडलेला टब परत न्यायचा खर्च वाचावा म्हणून विक्रेता शेवटच्या दिवशी खरोखर खाली येतो. पण मग तो भाव त्या मांडलेल्या टबाचा असतो. तुम्हाला तोच देणार, की गोदामातला नवा कोरा? मांडलेलाच असेल तर शेलवर ओरखडे आहेत का बघा, समोर चालवून घ्या, वॉरंटी तुमच्या खरेदीच्या तारखेपासून सुरू होणार हे लिहून घ्या आणि त्यासाठी आणखी कमी मागा. तो हक्कच आहे. नवा देणार असेल, तर तोच टब सोमवारी महाग व्हायला काही कारण नाही. उलट हंगाम सरताना, नव्या वर्षाचं मॉडेल यायच्या सुमारास, किंवा कुणी मागवून रद्द केलेला टब गोदामात पडून असेल तेव्हा विक्रेत्यालाच घाई असते. तेव्हा तुम्ही थांबायला तयार असाल, तर तुमची बाजू त्याच्यापेक्षा भक्कम आहे.

आणि मिस्टरांना लाज वाटते त्याबद्दल. त्यांच्या भावनेत एक चांगली गोष्ट आहे, ती सोडू नका. ज्याच्याकडून टब घ्यायचा, त्यालाच पुढची दहा वर्षं पंप खराब झाला, कंट्रोल बोर्ड गेला की बोलवायचं आहे. त्याच्या पदरात काहीच पडू दिलं नाही तर तो दुरुस्तीला कशाला धावून येईल? म्हणून पार तळाला नेऊन भाव करावा असं मी म्हणत नाही. पण मोकळेपणाने विचारणं म्हणजे अपमान करणंही नाही. विक्रेता दिवसभर हेच बोलत असतो. आवाज चढवायचा नाही, टबाला नावं ठेवायची नाहीत, खोटा भाव सांगायचा नाही.

त्यासाठी आधी निदान तीन ठिकाणची लेखी कोटेशनं आणा. अगदी तेच मॉडेल दुसरीकडे मिळेलच असं नाही, कारण एका भागात एका कंपनीचा एकच डीलर असतो असं बऱ्याचदा दिसतं. म्हणून मॉडेलच्या नावावर न जाता लिटर, पंपाचे वॅट, हीटरचे किलोवॅट, फोम, कव्हरची जाडी आणि वॉरंटी ही सगळी शेजारी शेजारी मांडून तुलना करा. मुलाने शोधलेली इंटरनेटवरची किंमतही त्यात घ्या, पण तिच्यात टब आत नेण्याचा, बसवण्याचा आणि बिघडल्यावर कोण येणार याचा खर्च मिळवा. मिळवल्यावरही ती खाली राहिली तर मुलाचं म्हणणं खरं आहे, आणि ते विक्रेत्याला सांगायलाही काही हरकत नाही.

मग शांतपणे एवढंच बोला: ‘टब आम्हाला आवडलाय. याच मापाचा, याच ताकदीचा टब दुसरीकडे सगळं धरून इतक्याला मिळतोय, हे कोटेशन. तुमच्याकडूनच घ्यावा असं वाटतं, कारण दुरुस्तीला तुम्ही जवळ आहात. सगळं मिळून तुमचा शेवटचा आकडा काय?’ आणि गप्प बसा. इथेच माणसं घाबरतात, शांतता सहन होत नाही आणि आपणच बोलून जातात, ‘म्हणजे थोडंफार कमी केलंत तरी चालेल.’ तसं करू नका. मिस्टरांनाही आधीच सांगून ठेवा की या वेळी मध्ये बोलायचं नाही. विक्रेता म्हणेल, ‘मॅनेजरना विचारून येतो’, येऊ द्या. तो विचारेल, ‘तुमचं बजेट किती?’ तर तुमची कमाल रक्कम झाकल्या मुठीत राहू द्या. ‘ते तुमच्या आकड्यावर ठरवू’ एवढं पुरे.

आकडा एका जागी अडला की पैसे मागणं थांबवा आणि वस्तू मागा: कव्हर उचलायची दांडी, फिल्टरचा दुसरा संच, पहिल्या काही महिन्यांची रसायनं, टब थेट बैठकीवर आणून ठेवणं, वर्षभराने एक मोफत तपासणी. या गोष्टी विक्रेत्याला घाऊक भावात पडतात आणि तुम्हाला किरकोळ, त्यामुळे तिथे त्याचा हात सैल असतो. हप्त्यांचा विषय मात्र किंमत पक्की होईपर्यंत काढू देऊ नका. ‘महिन्याला फक्त इतके’ म्हटलं की एकूण रक्कम नजरेआड होते. बिनव्याजी हप्ते देत असतील तर एकरकमी दिल्यास किती, हे विचारा. तो आकडा कमी निघाला तर व्याज कुठे आहे ते कळेल.

ठरलेलं सगळं कागदावर आलंच पाहिजे. मॉडेल आणि त्याचं वर्ष, रंग, हीटरची क्षमता, कव्हरची जाडी, टब नेमका कुठे आणून ठेवणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तारीख चुकली तर आगाऊ रक्कम परत मिळणार की नाही. टब आला की त्यावरचा अनुक्रमांक बिलात लिहून घ्या. वॉरंटीबद्दल जरा खोलात जा, कारण ‘दहा वर्षांची वॉरंटी’ असं म्हणतात तेव्हा ती बहुधा नुसत्या शेलची असते. पाइप, पंप, हीटर, कंट्रोल बोर्ड यांची मुदत वेगळी आणि पुष्कळ कमी असते, आणि बिघाड होतो तो सहसा यांच्यातच. सुटे भाग फुकट पण मेकॅनिकची मजुरी आणि येण्याजाण्याचे पैसे तुमचे, असंही असतं. मजुरीची मुदत एक वर्षाने वाढवून मिळाली तर थोडी कमी सूट मी आनंदाने पत्करेन. आगाऊ रक्कम जमेल तितकी कमी द्या. उरलेल्या रकमेतला थोडा तरी भाग टब भरून, गरम करून, कुठे गळत नाही हे बघितल्यावर द्यायचा, हेही मागून बघा. सगळे कबूल होतील असं नाही, पण मागायला काय जातं?

सेकंडहँडचाही विचार मनात आला असेल तर एकच अट: टब भरलेला, गरम आणि चालू अवस्थेत दिसला पाहिजे. रिकामा करून, पुसून ठेवलेला टब कितीही स्वस्त असला तरी नको.

आज त्याचा फोन आला की एवढंच सांगा: ‘रविवारी आमचं काही ठरणार नाही. तुम्ही सगळा खर्च धरून लेखी कोटेशन पाठवा, त्यात पंपाचे अँपिअर आणि स्टँडबाय वॅट लिहा. ते आलं की मीच फोन करीन.’ त्याने पाठवलं तर चांगलंच. नाही पाठवलं तर तुमच्या यादीतलं एक नाव कमी करा. तिन्ही कोटेशनं हाती आल्यावर त्यातलं काही कळलं नाही, तर मला पाठवा, विक्रेत्यांची नावं झाकून पाठवलीत तरी चालेल. आपण दोघी मिळून ती ओळीने तपासू.